पाचवी फेर्मा संख्या

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संयुक्त संख्या.

प्येर द फेर्मा यांनी १६४० मध्ये असा अंदाज मांडला की २ चा घातांक स्वतः २ चा घात असेल, तर त्यात १ मिळवून अविभाज्य संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांबाबत तो खरा आहे. गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये हा प्रश्न लेओनार्ड ऑयलर यांच्यापुढे ठेवला. १७३२ मध्ये ऑयलर यांनी या संख्येचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवले. दोन्ही अवयव अविभाज्य आहेत [⟶ अविभाज्य संख्या].

अशा अवयवातून १ वजा केल्यास बाकीला ६४ ने भाग जातो, म्हणून तपासण्याजोग्या संख्या थोड्याच उरतात. ६४१ ने भाग जाणे भागाकाराविनाही दिसते. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ च्या चौथ्या घाताला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास ६४१ ने भागून बाकी १ उरते. तसेच ६४१ = ६२५ + १६, म्हणून ५ च्या चौथ्या घाताऐवजी −१६ घेता येतो; त्यावरून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते [⟶ एकरूपता].

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे लिहिता येते: ६५,५३६ व १ यांच्या, तसेच ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची. फेर्मा यांचीच २ या आधाराची कसोटी मात्र तिला अविभाज्य ठरवते.

तितक्याच बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने काढता येत नाही [⟶ गौस, कार्ल फ्रीड्रिख].