प्रथिन स्फटिकांची वाहतूक (कक्ष तापमानातील)

प्रयोगशाळेत वाढवलेले प्रथिनांचे स्फटिक न गोठवता, सुमारे २० ते २५ °से. तापमानात, क्ष-किरण विवर्तन केंद्रापर्यंत सुखरूप नेण्याची पद्धत.

प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा टणक नसतो. त्याच्या आकारमानाचा साधारणपणे २७ ते ६५ टक्के भाग द्रावकाने व्यापलेला असतो आणि रेणू मोजक्या, क्षीण बंधांनी जोडलेले असतात. द्रावक उडाला की रेणूंची नियमित मांडणी, म्हणजे जालक, ढासळते. तापमानातील चढउतारांमुळे प्रथिनाची विद्राव्यता बदलून स्फटिक विरघळतो किंवा तडकतो. हादऱ्यांमुळे तो पात्राच्या भिंतीवर आपटून मोडतो.

स्वीडनमधील उप्साला येथे जॉन फिलपॉट यांनी वाढवलेले पेप्सिन या प्रथिनाचे स्फटिक ग्लेन मिलिकन यांनी १९३४ मध्ये कोटाच्या खिशातून केंब्रिजला नेले. स्फटिक वाढले त्याच द्रवात, म्हणजे मातृद्रवात, बुडालेले होते. बाहेर काढून कोरडे केलेले स्फटिक निरुपयोगी ठरतात, हे केंब्रिजमधील जे. डी. बर्नाल यांच्या लक्षात आले. त्यांनी आणि डोरोथी क्रोफूट (नंतरच्या हॉजकिन) यांनी ओले स्फटिक काचेच्या केशनलिकेत बंद करून प्रथिनाचे पहिले स्पष्ट विवर्तन चित्र मिळवले.

१९९० नंतर स्फटिक सुमारे १०० केल्विनला गोठवून द्रव नायट्रोजनाने थंड ठेवलेल्या पात्रातून पाठवण्याची पद्धत रूढ झाली. मात्र गोठवताना काही स्फटिक तडकतात आणि रेणूंच्या काही हालचाली लपून राहतात. त्यामुळे कक्ष तापमानातील अभ्यासाकडे, पर्यायाने अशा वाहतुकीकडे, संशोधक पुन्हा वळले.

केशनलिकेत स्फटिकाशेजारी मातृद्रवाचा छोटा साठा ठेवून दोन्ही टोके मेणाने बंद करतात. आतील हवा बाष्पाने संपृक्त राहून स्फटिक सुकत नाही. स्फटिक द्रवात बुडवूनच पाठवायचे असतील, तर कुपी काठोकाठ भरतात, कारण हवेचा बुडबुडा प्रवासात मागे-पुढे सरकत द्रव ढवळतो. आगरोजच्या पातळ जेलमध्ये वाढवलेले स्फटिक जागचे हलत नाहीत. ज्या तबकडीत स्फटिक वाढले तीच पाठवायची असल्यास झाकणाला लोंबत्या थेंबापेक्षा तबकडीत बसलेला, म्हणजे बैठा, थेंब सोयीचा. तबकडीत थेंबाजवळ असलेल्या साठ्यातील द्रव उसळून थेंबात मिसळू नये म्हणून त्यालाही जेलचे रूप देतात. तापमान स्थिर राहावे यासाठी उष्णतारोधक खोके वापरतात.

पोहोचल्यावर खोके केंद्राच्या तापमानाला येऊ देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक तपासतात. अंतिम कसोटी विवर्तनाचीच असते, कारण वरून अखंड दिसणाऱ्या स्फटिकातही जालक विस्कटलेले असू शकते. शिवाय कक्ष तापमानात क्ष-किरणांनी स्फटिक लवकर खराब होतात. म्हणून एकाऐवजी अनेक स्फटिक पाठवणे इष्ट ठरते.