वाळकेश्वरची डोंगरधार आणि तिच्यावरचे रान

मुंबई बेटाच्या पश्चिम अंगाला, वाळकेश्वरच्या टोकापासून मलबार आणि खंबाला या टेकड्यांच्या रूपाने उत्तरेकडे गेलेली डोंगरधार महालक्ष्मीपाशी समुद्रात उतरते आणि पूर्वी जिथून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे, त्या खिंडारापलीकडे वरळीच्या टेकडीपासून पुन्हा वर येते. उंचीने ती सामान्यच आहे, कारण तिचा माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास मीटरांच्या आसपास भरतो; परंतु गिरगाव, गावदेवी आणि ताडदेव या वस्त्या कुठे वसाव्यात, त्यांच्या विहिरींना पाणी कुठून यावे आणि पावसाळी वाऱ्याचा मारा त्यांना किती सोसावा लागावा, हे या धारेनेच ठरवले.

दख्खनचे पठार ज्या लाव्हाच्या थरांतून सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी घडले, त्याच काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, कुळातील ही धार आहे. मात्र सह्याद्रीत जवळजवळ आडवे पसरलेले हे थर किनाऱ्याजवळ पश्चिमेकडे कलतात, आणि भूकवचाच्या या बाकाला भूशास्त्रज्ञ पनवेल फ्लेक्शर म्हणतात. या कलामुळे धारेची समुद्राकडील बाजू थरांच्या पाठीवरून हळूहळू उतरते, तर गिरगावकडील बाजूला थरांच्या तुटलेल्या कडा उघड्या पडून उभा चढ तयार होतो. बाबुलनाथाच्या पायऱ्या आणि चौपाटीवरून माथ्याकडे जाणारा जुना सिरी रोड याच चढावर आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे उथळ गोडी तळीही होती, कारण वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात लहानशा बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले.

सतराव्या शतकातील या डोंगराचे चित्र ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याच्या प्रवासवर्णनात मिळते. 1673 च्या अखेरीस मुंबईत आलेल्या फ्रायरला हा डोंगर खडकाळ, झाडीचा आणि तरीही उंच गवत उगवणारा असा दिसला. माथ्यावर पारशांची नुकतीच उभारलेली अंत्यसंस्काराची वास्तू होती, आणि समुद्राकडच्या उतारावर गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ एका भव्य देवळाचे अवशेष होते. हे तळे म्हणजे बाणगंगा, आणि ते देऊळ म्हणजे शिलाहारकालीन वाळकेश्वर, जे पुढे 1715 च्या सुमारास रामा कामत यांनी पुन्हा उभारले. खाऱ्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा झरा टिकावा, याचे श्रेय परंपरेने रामाच्या बाणाला दिले आहे; भूशास्त्राच्या अंगाने पाहता ते धारेच्या रचनेलाही द्यावे लागते, कारण माथ्यावर मुरलेले पावसाचे पाणी फटींतून आणि सच्छिद्र थरांतून कलाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडेच, झिरपत येते.

पूर्वेच्या उतारावरून वाहून येणारे पाणी पायथ्याशी साचत असे. आज जिथे ऑगस्ट क्रांती मैदान आहे, तिथे गवालिया तलाव होता आणि गवळी आपली गुरे तिथे आणीत. 1822 मध्ये मलबार टेकडीवरचा एक वाघ पाणी पिण्यासाठी या तलावावर उतरल्याचीही नोंद आहे. त्यापलीकडील सखल, ओलसर जमिनीवर नारळ-ताडांच्या बागा वाढल्या, ज्यांना मुंबईत वाडी किंवा भाट म्हणत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही गिरगावची नावे म्हणजे तिथल्या लागवडीची नोंदवहीच होय, आणि चाळींच्या दाटीतही ती तोंडी राहिली, ही मोठी मोलाची गोष्ट आहे.

राखीव वनाचे कायदेशीर संरक्षण या धारेला कधीच लाभले नाही. तिच्यावरचे रान देव, मृत आणि पाणी यांच्या आश्रयाने उरले. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पारशांच्या डुंगरवाडीचे आहे. मोदी हिरजी वाच्छा यांनी 1670 च्या दशकात इथे पहिला दखमा बांधला. दखमा म्हणजे वरून उघडी, वर्तुळाकार दगडी वास्तू, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवला जातो, जेणेकरून माती, पाणी आणि अग्नी विटाळू नयेत. या विधीला एकांत लागतो आणि एकांताला झाडी लागते. त्यामुळे भोवताली जमिनीला सोन्याचा भाव आला असतानाही सुमारे 54 एकरांचा हा परिसर दाट राहिला. वड-पिंपळांची मुळे बेसाल्टच्या भेगांत उतरून उताराची पातळ माती धरून ठेवतात, आणि शहराच्या ऐन मध्यभागी मोर व घारी नांदतात. तथापि ज्या पक्ष्यासाठी हे रान राखले गेले, तोच इथून नाहीसा झाला. 1990 च्या दशकात भारतभर गिधाडे झपाट्याने मरू लागली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले, आणि 2006 मध्ये भारताने गुरांसाठीच्या या औषधाच्या उत्पादनावर बंदी घातली. भक्ष्यासाठी लांबवर फिरणाऱ्या या पक्ष्याला डुंगरवाडीची झाडी वाचवू शकली नाही, आणि दखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. अधिवास राखला म्हणजे प्राणी राखला जातोच असे नाही, याचा इतका कठोर दाखला मुंबईत दुसरा नाही.

बेटाच्या पूर्व कडेची डोंगरी, माझगाव, शिवडी, अँटॉप हिल अशी जाणारी दुसरी धार मात्र बंदराच्या शेजारी असल्याने भरावाच्या दगडासाठी फोडली गेली. डोंगरीची नवरोजी टेकडी त्यातच सपाट झाली. माझगावची भंडारवाडा टेकडी आणि परळ-शिवडीकडची गोलंजी टेकडी यांच्या माथ्यांवर पाणीपुरवठ्याचे जलाशय आले. मलबार टेकडीवरचा जलाशय 1880 च्या दशकातला असून त्याच्या छपरावर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, फुलवलेले आहे. उंचावरून पाणी पंपाविना उतारावर धावते, एवढ्या साध्या कारणाने हे माथे नगरपालिकेला मोलाचे वाटले.

मलबार टेकडीवर याच काळात बंगले वाढले, परळचे गव्हर्नरांचे निवासस्थान 1880 च्या दशकात वाळकेश्वरच्या टोकावर हलले, आणि पूर्वेचा उभा चढ कापून रस्ते काढले गेले. थरांच्या तुटलेल्या कडांवर संरक्षक भिंतींचा टेकू देऊन केलेली ही रचना किती नाजूक आहे, ते ऑगस्ट 2020 मध्ये दिसले: कुलाबा वेधशाळेत एका दिवसात 330 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, आणि केम्प्स कॉर्नरजवळ बाळ गंगाधर खेर मार्गाखालचा उतार झाडांसह खालच्या पाटकर मार्गावर कोसळला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2023 मध्ये, जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठी 389 झाडे हटवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नागरिकांनी त्याला केलेला विरोध केवळ सावलीच्या प्रेमापोटी नव्हता, कारण या उतारावर झाड आणि माती यांचा हिशेब वेगळा मांडताच येत नाही. तज्ज्ञांच्या पाहणीनंतर पुनर्बांधणी मागे पडली आणि दुरुस्तीचा मार्ग धरला गेला. मार्च 2025 च्या अखेरीस महापालिकेने याच पूर्व उतारावर 485 मीटरांची लाकडी पायवाट खुली केली; ती खांबांवर उभी असल्याने चालणारा झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवरून जातो आणि खालच्या मातीवर त्याचे पाऊल पडत नाही.