खासगी वाहनतळ आकारणीविरुद्धचे अपील (इंग्लंड व वेल्स)

इंग्लंड व वेल्समध्ये खासगी वाहनतळाच्या अटी मोडल्याबद्दल मागितली जाणारी रक्कम हा सरकारी दंड नसून बहुधा कराराधारित दावा असतो; नोटिशीचे रूप दंडासारखे असल्याने हा भेद सहज नजरेआड होतो. चालक अज्ञात असल्यास २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्यान्वये वाहनाच्या नोंदणीकृत धारकास जबाबदार धरता येते. मात्र वाहनावर नोटीस लावलेली नसल्यास ती १४ दिवसांत धारकाकडे पोहोचावी लागते. चुकलेली मुदत हा अपिलातील भक्कम मुद्दा होय. चालक आपणच होतो असे धारकाने लिहिल्यास तो निष्फळ ठरतो.

अपील प्रथम कंपनीकडे, नंतर ‘पॉपला’सारख्या स्वतंत्र यंत्रणेकडे करतात. पॉपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, वाहनचालकावर नाही. २०१५मध्ये ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांची आकारणी वैध ठरवल्याने ‘रक्कम अवाजवी’ हा युक्तिवाद दुबळा झाला. तेथील फलक मोठे व ठळक होते. अस्पष्ट फलकांवरील आक्षेप त्यामुळे अबाधित राहिला.