चढावरची उष्णता : अमेरिकी मोटरहोम आणि त्याच्या गिअरबॉक्सचा इतिहास

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ रस्त्यांवर मोटारीमागे ओझे ओढून नेण्याची रीत मोटारीइतकीच जुनी आहे. परंतु त्या चढावर नेमके काय तापते आणि ते थंड ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत पार बदलून गेली. पहिल्या पिढीत तापत असे ते इंजिनाचे पाणी, आणि ते तापल्याचे सर्वांना दिसत असे. १९४० नंतर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, म्हणजेच ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, प्रचारात आली आणि उष्णतेचे एक मोठे केंद्र गिअरबॉक्सच्या बंद पोटात गेले. ज्याच्या सांगाड्यावरच निजण्याची, स्वयंपाकाची आणि न्हाणीची सोय उभारलेली असते, ते चाकांवरचे घर म्हणजे मोटरहोम. ते मुळातच अवजड असते आणि पुष्कळदा मागे एक छोटी मोटारही ओढत असते, त्यामुळे या यंत्रणेची सर्वांत कठोर परीक्षा त्याच्याच वाट्याला आली.

लॉस एंजेलिसहून डोंगर ओलांडून उत्तरेच्या सॅन वाकीन खोऱ्यात उतरणारा ‘रिज रूट’ हा रस्ता १९१५ मध्ये खुला झाला. डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या या रस्त्याला सुमारे ७०० वळणे होती आणि तेथील वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, एवढीच होती. त्या काळात सर्वाधिक खपलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत पाणी खेळवण्यासाठी पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि गार पाणी खाली येते, एवढ्या नैसर्गिक फिरतीवरच सारी भिस्त असे. मंद वेगाने दीर्घ चढ चढताना रेडिएटरमधून वाफ उसळू लागली की चालक गाडी कडेला घेत, ती निवू देत आणि पाणी भरून पुढे निघत. वाळवंटी मुलखातील प्रवासी गाडीच्या पुढच्या भागाला कॅनव्हासची छागल टांगून निघत. या सर्व गैरसोयीत एक मोठा फायदा होता, तो म्हणजे वाफ हा निःसंदिग्ध इशारा होता आणि तो मिळाल्यावर झालेले नुकसान बहुधा बादलीभर पाण्याने भरून निघत असे. गिअरबॉक्स चालकाने स्वतः चालवायचा होता, त्यातील दातेरी चाके एकमेकांत घट्ट गुंतलेली असत आणि त्यांच्यात वाया जाणारी शक्ती इतकी अल्प असे की, त्याला थंड करण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

हे चित्र बदलणाऱ्या यंत्राचा जन्म मोटारीसाठी झालेलाच नव्हता. श्टेटिन बंदरातील व्हल्कान या जहाजबांधणी कारखान्यात काम करणारे जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांच्यापुढे अडचण होती ती अशी की, वाफेचे टर्बाइन अतिशय वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच नीट काम करतो. १९०५ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या योजनेत एका बंद कवचात पात्यांची चक्रे समोरासमोर बसवलेली होती. एक चक्र इंजिनाने फिरते आणि कवचातील द्रव दुसऱ्या चक्रावर फेकते. त्या प्रवाहाच्या जोरावर दुसरे चक्र फिरू लागते. दोहोंच्या मध्ये परतणाऱ्या प्रवाहाची दिशा वळवणारे तिसरे, स्टेटर नावाचे, चक्र असले की पीळ, म्हणजेच टॉर्क, वाढूनही मिळतो आणि यंत्राला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. स्टेटर नसलेल्या साध्या जोडणीला फ्लुइड कपलिंग म्हणतात. धातूचा धातूशी संबंध न आल्याने हिसका बसत नाही, हा या रचनेचा मोठा गुण होय. मात्र दोन्ही चक्रांच्या वेगात काहीतरी फरक पडल्यावाचून शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाही आणि या फरकातून, म्हणजे स्लिपमधून, वाया जाणारी शक्ती उष्णतेच्या रूपाने त्याच द्रवात उतरते. पुढील सर्व इतिहास या एका वाक्यातून निघतो, असे म्हटले तरी चालेल.

मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली संपूर्ण ऑटोमॅटिक यंत्रणा म्हणजे जनरल मोटर्सची ‘हायड्रामॅटिक’. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ही यंत्रणा १९४० च्या ओल्ड्समोबाइल मोटारींत बसवण्यात आली, आणि दुसऱ्या महायुद्धात एम ५ या हलक्या रणगाड्यातही ती वापरली गेली. तिच्यात फ्लुइड कपलिंगमागे चार गिअर होते, त्यामुळे स्लिप आटोक्यात राहत असे. १९४८ मध्ये आलेल्या ब्यूकच्या ‘डायनाफ्लो’ने मात्र वेगळा मार्ग धरला, तिच्यात चालताना गिअर आपोआप बदलतच नसे, सारे काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोपवलेले होते. ती लोण्यासारखी मऊ चाले आणि ग्राहकांना हेच आवडले, परंतु या मऊपणाची किंमत उष्णतेत आणि इंधनात मोजली जात होती. याच सुमारास, १९४९ मध्ये, पॅकार्ड कंपनीने आपल्या ‘अल्ट्रामॅटिक’मध्ये या दुखण्यावरचा नेमका उपाय बसवला होता. गाडीने वेग घेतल्यावर कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे एका क्लचने एकत्र जखडून टाकायची, म्हणजे स्लिप शून्य होते आणि उष्णताही थांबते. या क्लचला लॉक-अप क्लच म्हणतात. १९५० च्या दशकात ही कल्पना अमेरिकी प्रवासी मोटारींतून मागे पडली आणि पुढची सुमारे दोन दशके तिकडे कोणी फिरकले नाही. पेट्रोल स्वस्त होते, रस्ते बहुतांशी सपाट होते आणि खर्च वाचत होता. अमेरिकी मोटार उद्योगाच्या हातून झालेली ही खरी चूक होती, कारण ओझे ओढणाऱ्यांची संख्या नेमकी याच दोन दशकांत वाढत गेली.

मिशिगन राज्यातील रेमंड फ्रँक यांनी १९६० च्या सुमारास डॉजच्या सांगाड्यावर मोटरहोमचे उत्पादन सुरू केले. १९६६ मध्ये आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबॅगो कंपनी या धंद्यात उतरली आणि जुळणीच्या साखळीवर तयार होणारी तिची वाहने मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली. या घरांखालचे सांगाडे डॉज, शेवरोले किंवा फोर्ड यांच्या मालवाहू गाड्यांचे असत. शेवरोलेचा बराच वापरला गेलेला ‘पी ३०’ हा सांगाडा तर मुळात घरोघर माल पोहोचवणाऱ्या व्हॅनसाठी होता. त्यांत क्रायस्लरचे ‘टॉर्कफ्लाइट ७२७’ किंवा जनरल मोटर्सचे ‘टर्बो हायड्रामॅटिक ४००’ ही तीन गिअरांची ट्रान्समिशने असत. दोन्ही अत्यंत दणकट म्हणून नावाजलेली होती, पण लॉक-अप क्लच दोहोंतही नव्हता. त्याच सुमारास १९५६ च्या कायद्यानुसार बांधले जाणारे आंतरराज्य महामार्ग डोंगरांतून वर चढत होते. कोलोरॅडोत आय-७० या महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा १९७३ मध्ये खुला झाला. त्याचे पश्चिमेकडील तोंड समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि तेथवर पोहोचणारा चढ जागोजागी ७ टक्क्यांच्या घरात जातो. या आकड्याचा अंदाज मराठी वाचकाला यावा म्हणून सांगायचे, तर १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ ला १, म्हणजे अवघा २.७ टक्के होता, आणि त्यासाठीही गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने लावावी लागत.

अशा चढावर ट्रान्समिशनमध्ये काय घडते, त्याचा हिशेब साधा आहे. मोटरहोम आणि मागची मोटार मिळून १० टन वजन ताशी ५० किलोमीटर वेगाने ६ टक्क्यांच्या चढावर न्यायचे, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ८० किलोवॉट शक्ती लागते. जखडलेला नसलेला कन्व्हर्टर तिच्यातील दहावा हिस्सा जरी वाया घालवत असला, तरी ८ किलोवॉट उष्णता तेलात उतरते, म्हणजे न्हाणीघरातील बादलीत पाणी तापवणाऱ्या आठ इमर्शन रॉड दहा-बारा लिटर तेलात एकदम चालू ठेवल्यासारखे होते. गिअरबॉक्सच्या धातूत मुरणारी उष्णता बाजूला ठेवली आणि थंड करण्याची काहीच सोय नसली, तर हे तेल दर मिनिटाला २० अंश सेल्सियसहून अधिक वेगाने तापेल. शिवाय ३,४०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के घन असते. त्यामुळे टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती घटते, चालक अधिक जोराने पेडल दाबतो, स्लिप वाढते, आणि कूलरवरून वाहणारी विरळ हवा नेमकी तेव्हाच कमी उष्णता वाहून नेते.

या तेलाचा मार्ग जवळून पाहण्याजोगा आहे. कन्व्हर्टरमधून निघालेले तप्त तेल पोलादी नळीने रेडिएटरपर्यंत येते, त्याच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून जाते आणि भोवतालच्या पाण्याला आपली उष्णता देऊन परत फिरते. हिवाळ्यात हीच रचना गार तेलाला ऊबही देते, म्हणून कारखान्यांना ती सोयीची वाटली. तिची मर्यादा अशी की, तेल भोवतालच्या पाण्यापेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही, आणि दीर्घ चढावर पाणी स्वतःच शंभर अंशांच्या आसपास पोहोचलेले असते. सुमारे ८० अंशांना हे तेल दीर्घकाळ टिकते. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्म्याने घटते, असा या व्यवसायातील सर्वमान्य ढोबळ नियम आहे. ११५ अंशांच्या पुढे त्यातून चिकट थर सुटू लागतात, त्याहून वर रबरी सील कडक होतात, दाब गळू लागतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि त्या घसरण्यातून आणखी उष्णता निर्माण होते. तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली असता लालसर, पारदर्शक तेलाऐवजी करपलेल्या वासाचे तपकिरी तेल दिसले, तर चकत्या आतून जळलेल्या आहेत हे जाणता मेकॅनिक लगेच ओळखतो. परंतु तोवर सहसा उशीर झालेला असतो.

तेलाच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्लच हळुवार धरावेत म्हणून या तेलात सुरुवातीची अनेक वर्षे स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. १९७० मध्ये अमेरिकी सरकारने या देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला आणि तेल उत्पादकांना कृत्रिम पर्याय शोधावे लागले. गिअरबॉक्सच्या मऊ चालीसाठी समुद्रातील एवढा मोठा जीव मारला जात होता, हे त्या काळच्या बहुसंख्य मोटार मालकांच्या गावीही नव्हते.

कारखान्याचा कूलर अपुरा पडतो हे ओळखून रेडिएटरपुढे दुसरा, केवळ हवेने गार होणारा कूलर बसवण्याची पद्धत गॅरेजवाल्यांनी आणि मालकांनी रूढ केली. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमधून तेल फिरवणारे हे कूलर सुट्या भागांच्या दुकानांत मिळू लागले, आणि त्यांच्याबरोबरच तेलाचे तापमान दाखवणारा काटाही अनेकांनी आपल्या खर्चाने लावून घेतला. कारखान्याने दिलेल्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या पाण्याचा काटा असे, ट्रान्समिशनचा मात्र बहुधा नसे. एअर कंडिशनरचा कंडेन्सरही रेडिएटरपुढेच असल्याने कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने ग्रेपव्हाइन आणि बेकर यांसारख्या चढांच्या पायथ्याशी एअर कंडिशनर बंद करण्याची सूचना देणारे फलक लावले.

लॉक-अप क्लच अखेर परतला, पण उष्णतेच्या कारणाने नव्हे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणे भाग पडले, तेव्हा क्रायस्लरने १९७८ मध्ये आपल्या टॉर्कफ्लाइटमध्ये तो बसवला आणि इतरांनी अनुकरण केले. त्याच काटकसरीपोटी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा वेग घटवणारा चौथा गिअर, आला. चढावर मात्र यंत्रणा तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये सारखी वरखाली करू लागली, दर वेळी कन्व्हर्टर सुटू लागला आणि तेल पुन्हा तापू लागले. डोंगरात ओव्हरड्राइव्ह बंद ठेवावे, ही मालकांच्या पुस्तिकांतील सूचना त्यातून आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकाने नियंत्रित होणारी ‘टो/हॉल’ पद्धत आली, जी ओझे ओढताना खालचा गिअर अधिक वेळ धरून ठेवते.

कोणती गाडी किती ओझे ओढू शकते, हा आकडा मात्र एवढ्या वर्षांत प्रत्येक कंपनी आपल्या मताने ठरवत आली होती. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, २००८ मध्ये ‘जे २८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील उष्णतेची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरमध्ये जवळपास ९०० मीटर उंची गाठायची, हवेचे तापमान किमान ३८ अंश हवे, एअर कंडिशनर पूर्ण चालू हवा आणि गाडीने ताशी ६४ किलोमीटरचा, तर मागे जोडचाके असलेल्या गाडीने ५६ किलोमीटरचा वेग राखायला हवा. टोयोटाने २०११ च्या गाड्यांपासून हे मानक स्वीकारले, इतर मोठ्या कंपन्यांना त्यासाठी २०१५ च्या आसपासपर्यंत वेळ लागला. फ्योटिंगर यांच्या पेटंटनंतर शंभर वर्षे उलटल्यावर ओढण्याच्या आकड्याला उष्णतेचा प्रामाणिक आधार मिळाला, ही दिरंगाई समर्थनीय नाही. आणि हा आधारही सर्वांना मिळालेला नाही, कारण हे मानक सहा टनांच्या आसपासच्या वजनमर्यादेतील गाड्यांपुरते आहे. मोठी मोटरहोम त्याच्या कक्षेबाहेरच राहतात, आणि त्यांच्या मालकाला चढाला लागण्यापूर्वी कूलरची क्षमता आणि तेलाच्या तापमानाचा काटा या दोन्ही गोष्टींची खात्री आजही स्वतःच करून घ्यावी लागते.