दहा काळ्या रेषांचा भुंगेरा

१/ १९५० साली पूर्व जर्मनीत शाळकरी मुलांना बटाट्याच्या शेतांत किडे वेचण्यासाठी उतरवण्यात आले. हे किडे अमेरिकी विमानांनी टाकले, असा सरकारी प्रचार होता. खरा इतिहास निराळा आहे. #थ्रेड

२/ हा कोलोरॅडो भुंगेरा. लांबी सुमारे १ सेंटीमीटर, पाठ पिवळसर, तीवर १० काळ्या रेषा. अंड्यांचे नारिंगी पुंजके पानाखाली असतात. अळी लालसर, कुबडी. कडेला काळे ठिपके. अळी आणि भुंगेरा दोघेही पाने खातात.

३/ १८२४ मध्ये थॉमस से या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. तेव्हा रॉकी पर्वताच्या परिसरात, वांग्याच्या कुळातील एका काटेरी रानरोपावर तो गुजराण करीत असे.

४/ पुढे गोऱ्या वसाहतकारांनी त्या प्रदेशात बटाटा नेला. तोही त्याच कुळातला! १८५९ मध्ये नेब्रास्कातील शेते उद्ध्वस्त झाली. १८७४ पर्यंत भुंगेरा अटलांटिक किनाऱ्यावर पोहोचला. एकामागून एक लागलेल्या बटाट्याच्या शेतांनीच त्याला वाट करून दिली.

५/ युरोप धास्तावला. १८७५ मध्ये जर्मनीने अमेरिकी बटाट्यावर बंदी घातली. १८७७ मध्ये ब्रिटनने कायदा केला. तरीही १९२२ मध्ये फ्रान्समधील बोर्दो परिसरात त्याने कायमचे ठाण मांडले आणि तेथून तो पूर्वेकडे सरकत गेला.

६/ म्हणजे १९५० च्या कितीतरी आधीच तो जर्मनीत होता. महायुद्धाच्या काळात नियंत्रण ढिले पडले आणि त्याचे फावले. विमानांतून किडे टाकल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. उलट, त्याचा शस्त्र म्हणून उपयोग करण्याचे प्रयोग युद्धकाळात नाझी जर्मनीनेच केले होते.

७/ आणि विषांचे काय? १८६० च्या दशकात आर्सेनिकयुक्त ‘पॅरिस ग्रीन’ आले, पुढे डीडीटी. १९५० च्या दशकातच भुंगेऱ्याने डीडीटी पचवायला आरंभ केला. आजवर ५० हून अधिक कीटकनाशक द्रव्यांविरुद्ध त्याची प्रतिकारशक्ती नोंदली गेली आहे.

८/ परसबागेत मात्र जुना उपाय अजूनही चालतो : पाने उलटून पाहणे, अंडी चिरडणे, किडे वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे. प्रौढ भुंगेरे हिवाळा जमिनीत काढतात. म्हणून पुढील वर्षी बटाटा दूरच्या जागी लावावा.

९/ त्या मुलांना सांगितलेली गोष्ट खोटी होती, त्यांच्या हातांनी केलेले काम मात्र योग्य होते. शत्रू आकाशात शोधण्यापूर्वी पानाची खालची बाजू पाहावी, एवढे या इतिहासातून घेण्यासारखे आहे.