बाप्तिस्म्याविना ख्रिस्त

एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाने ख्रिस्ती धर्माला दिलेल्या प्रतिसादाचा इतिहास बहुधा दोन टोकांवरून लिहिला जातो. एका टोकाला १८५४ साली बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी उभे असतात. दुसऱ्या टोकाला १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घालणारे मोरभट दांडेकर आणि १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर चर्चा करणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी. स्वीकार आणि खंडन या दोहोंखेरीज एक तिसरी वाटही त्या काळात पडली होती, आणि विचारांच्या इतिहासात तिचे मोल या दोहोंपेक्षा कमी नाही. ख्रिस्ताची शिकवण मनापासून अभ्यासून, तिच्यातील ग्राह्य भाग उघडपणे मान्य करून, तरीही बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, न घेणाऱ्यांची ती वाट होती.

बाप्तिस्म्यापाशी पाऊल का अडत असे, हे समजण्यासाठी त्याची सामाजिक किंमत ध्यानात घ्यावी लागते. बाप्तिस्मा घेणारा माणूस घरच्या पंगतीतून उठत असे, पत्नी आणि मुलेबाळे दुरावत, आणि धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी हमी देणारा कायदा तर १८५० साली झाला. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला. न्यायालयाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या स्वाधीन केल्यावर, त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली, तेव्हा खुद्द बाळशास्त्र्यांनाच सनातनी मंडळींचा रोष सोसावा लागला. केवळ ख्रिस्ती घरात जेवल्याच्या संशयावरून एवढा गहजब होत असे. तथापि ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही त्या सर्वांना भीतीच्या खात्यात टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांच्यापैकी काहींची कारणे शुद्ध वैचारिक होती.

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे त्यांतील पहिले ठळक नाव होय. १८४४ साली सुरतेस दुर्गाराम मंछाराम मेहताजी आदींसह मानवधर्म सभा आणि १८४९ साली मुंबईस परमहंस सभा, अशा दोन्ही संस्थांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. परमहंस सभा ही गुप्त मंडळी होती. जातिभेद मानीत नाही याची खूण म्हणून तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. तिच्या तत्त्वांचा पाया दादोबांच्या ‘धर्मविवेचन’ या १८४३ साली लिहिलेल्या आणि १८६८ साली ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने छापलेल्या पुस्तकात सापडतो. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, आणि धर्माचा पाया प्रीती व सदाचार यांत आहे, अशी ती मांडणी होती. मिशनऱ्यांच्या टीकेची छाया तिच्यावर पडलेली असली तरी एकाच तारणाऱ्यावरील विश्वासाची अट तिच्यात नाही.

या दादोबांनी उतारवयात, १८७८ साली, लंडनहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. एमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) या स्वीडिश शास्त्रज्ञ-गूढवाद्याच्या ग्रंथांवर एका हिंदू गृहस्थाने केलेले चिंतन, असे त्याचे स्वरूप शीर्षकातच सांगितले आहे. स्वीडनबोर्गने केवळ श्रद्धेने तारण होते हे मत नाकारले होते, बायबलच्या शब्दार्थामागे आंतरिक अर्थ असतो असे प्रतिपादिले होते, आणि कोणत्याही धर्मातील सदाचारी माणसाला स्वर्ग मोकळा आहे असे म्हटले होते. दादोबांच्या ‘धर्मविवेचना’तील प्रीती आणि सदाचार यांशी हे किती जवळचे आहे, ते सांगायला नको. ज्या ख्रिस्ती विचाराने परधर्मीयाला बाहेर ठेवले नाही, त्या विचाराशी त्यांचे सूत जुळले. मात्र शीर्षकातील ‘हिंदू’ हा शब्द त्यांनी सोडला नाही.

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक खोल जातो, कारण दादोबांचा शोध मोक्षाचा होता, तर जोतीरावांचा शोध न्यायाचा होता. १८४१ ते १८४७ या काळात ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची शाळा पाहून मिळाली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात कुणबी जोडप्याला जोशाच्या फसवणुकीविषयी सावध करणारा मनुष्य पाद्री आहे. पण नाटकाच्या शेवटी ते जोडपे बाप्तिस्म्याकडे न वळता रात्रीच्या शाळेची वाट धरते, आणि जोतीरावांच्या पुढील सर्व विचाराची दिशा या शेवटात आधीच दिसते.

‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात त्यांनी येशूला बळीराजाच्या मालिकेत बसविले. बळी म्हणजे वामनाने पाताळात घातलेला दानशूर राजा, ज्याचे राज्य पुन्हा यावे असे मराठी घरांतून दिवाळीच्या दिवसांत मागितले जाते. जोतीरावांच्या लेखी तो शूद्रातिशूद्रांचा, म्हणजे वर्णव्यवस्थेत खाली ढकलल्या गेलेल्या सर्वांचा, न्यायी राजा होता, आणि पश्चिमेत दीनदुबळ्यांसाठी मारला गेलेला येशू हा दुसरा बळी ठरला. इतिहास म्हणून ही सांगड टिकणारी नाही, पण धर्मविचार म्हणून ती असामान्य आहे, कारण तिच्यामुळे ख्रिस्त परका उरला नाही आणि त्याच्याकडे जाण्यासाठी कुणब्याला आपले घर सोडावे लागले नाही. जोतीराव पाद्र्यांचे हस्तक आहेत असा आरोप करणाऱ्या समकालीन टीकाकारांच्या हे लक्षात आले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पुण्यात जे वादळ उठले त्यात ‘सत्सार’ (१८८५) मधून रमाबाईंची बाजू घेणारे जोतीराव स्वतः मात्र त्या वाटेने गेले नाहीत.

त्याचे कारण ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ या ग्रंथात आहे. सृष्टिकर्त्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. कोणताही धर्मग्रंथ संपूर्णपणे निर्मिकाने दिलेला नाही, प्रत्येकात त्या त्या काळापुरते काही सत्य आहे, आणि निर्मिक व माणूस यांच्यात मध्यस्थाची गरज नाही, हा त्यांचा निर्णय होता. हा निर्णय वेदांना लागू होतो तसाच बायबललाही लागू होतो, आणि म्हणूनच तो प्रामाणिक आहे. याच ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र आहे: स्त्रीने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या पतीने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे. चाळीस वर्षांपूर्वी परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव गुपचूप खाऊन जे सांगावे लागले होते, ते येथे उजेडात आणि घराच्या मधोमध आले. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी हा ग्रंथ डाव्या हाताने लिहून पुरा केला, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला.