मिठाचा हिशेब: १९३० मध्ये सरकारचा अंदाज का चुकला?

१/७
२० फेब्रुवारी १९३०. गांधीजी मिठाचा कायदा मोडणार, ही वार्ता दिल्लीत पोहोचली होती. व्हाइसरॉय आयर्विन यांनी भारतमंत्री वेजवुड बेन यांना लिहिले की, या मोहिमेच्या विचाराने आपली झोप उडालेली नाही. हा निर्धास्तपणा कशातून आला?

२/७
माहितीच्या अभावातून नव्हे. २ मार्चच्या पत्रात गांधीजींनी आपला बेत स्वतःच व्हाइसरॉयना कळवला होता. हेरांनी उकलावे असे गुपितच नव्हते. प्रश्न होता तो अर्थ लावण्याचा.

३/७
केंद्रीय महसूल मंडळातील टॉटनहॅम यांना हा बेत अव्यवहार्य वाटला. घरगुती मीठ महाग पडेल, निकृष्ट असेल आणि तिजोरीला फारसा धक्का बसणार नाही, असा अधिकाऱ्यांचा होरा होता. महसुलापुरते हे गणित बरोबरच होते.

४/७
त्या गणितात माणसे मात्र नव्हती. हा कायदा मोडायला समुद्राचे पाणी, एक भांडे आणि चूल पुरे होती. मुंबईच्या उपनगरात विले पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला तेथून तुरुंगात गेले. शहरात कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया पुढे सरसावल्या.

५/७
दांडीला मीठ उचलले गेल्यावरही, ७ एप्रिलच्या पत्रात आयर्विन गांधीजींचा रक्तदाब, दुबळे हृदय आणि याच वर्षी मृत्यू सांगणारी कुंडली यांचा उल्लेख करतात. तसे घडल्यास प्रश्न सुखाने सुटेल, असेही सुचवतात! एक माणूस गेला की चळवळ संपेल, हे त्यामागचे गृहीतक.

६/७
५ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली. चळवळ थांबली नाही. १ जूनला वडाळ्याच्या मिठागरावर सुमारे १५,००० लोक चालून गेले. वर्षभरात देशातील सुमारे ६०,००० सत्याग्रही तुरुंगात गेले.

७/७
मिठावरचा कर लगेच रद्द झाला नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरील गावकऱ्यांना स्वतःपुरते मीठ घेण्याची मुभा तेवढी मिळाली. पण व्हाइसरॉयला ज्याच्याशी करार करावा लागला, तो आधी त्याचाच कैदी होता. म्हणून जुने सरकारी अहवाल वाचताना आकडे तपासावेतच. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडले आहेत, हे आधी पाहावे.